डोणकर वायरमनची भीती

दाढ काढायला ह्यांना मीच नेलं. नेलं कसलं, फरफटत नेलं. तेव्हा पुढं जे काही झालं त्यात पहिलं नाव माझं घाला. डॉक्टरीणबाईंचं नंतर, साहेबांचं त्याच्याही नंतर.

आमचे हे, म्हणजे युवराज डोणकर, विजेच्या कंपनीत वायरमन. बावीस वर्षं नोकरी झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, डोंगरपट्ट्यातली अठरा गावं ह्यांच्या गँगकडे आहेत. आता दोन हजार एकोणचाळीस साल चाललंय. शहरात तारा जमिनीखालनं गेल्या, आणि उरलेल्या तपासायला ड्रोन आले. आमच्याकडं मात्र काजूच्या फांद्यांत ड्रोन अडकतो आणि तो काढायलाही माणूसच चढवावा लागतो. पोल आहेत तोवर वायरमन आहे.

आणि हा अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभा राहणारा माणूस दाताच्या डॉक्टरला भ्यायचा! चौथीत असताना शाळेत दातांचं शिबिर आलं होतं. दोन गुरुजींनी खांदे दाबून धरले आणि सुई न देताच ह्यांची दाढ उपटली. तेव्हापासून दवाखान्याची पाटी दिसली तरी हे रस्ता बदलायचे. लवंग, कापूर, मिठाचं पाणी, सगळं करून झालं. गेल्या साली दिवाळीनंतर उजवा गाल सुजला तो डोळ्यापर्यंत गेला. ताप चढला. घास गिळवेना.

"जाऊ की उद्या," हे म्हणायचे.

"उद्या तुम्हाला चौघांनी न्यायला लागेल," मी एकदाची ओरडले. "मूल नाही, बाळ नाही. आहोत ते दोघंच. माझ्यासाठी तरी चला!"

त्यावर ह्यांनी पायात चप्पल घातली.

डॉक्टर ऋजुता केसरकर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. ह्यांचा गाल बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. "पू गळ्यात उतरायला लागलाय. आजच काढायला हवी. पण ते तोंडच उघडत नाहीत. बघा, किती घाबरलेत. अशा माणसाला भूल देणंसुद्धा धोक्याचं. आपण फवारा वापरू."

फवाऱ्याचं नाव मी ऐकून होते. बाईंनी मला नीट समजावलं, ते मी अजून विसरले नाही.

"आठवण एकदा साठवली की तशीच राहते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, ताई. आठवण काढली की ती सैल होते, भिजवलेल्या कणकेसारखी. मग काही तासांनी मेंदू ती पुन्हा नव्यानं घट्ट करून ठेवतो. दरवेळी. आता काय घडलं, कुठं घडलं, हे मेंदूत एका जागी असतं आणि त्याची भीती दुसऱ्या जागी असते. कानाच्या आतल्या बाजूला बदामाएवढी गाठ असते, तिथं. हा फवारा नाकातून त्या गाठीपर्यंत पोचतो आणि सैल झालेली भीती पुन्हा घट्ट होऊ देत नाही. आठवण राहते. तिची भीती जाते. कायमची."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच आहे, पण औषधाला दाताची भीती कुठली आणि दुसरी कुठली हे कळत नाही. सहा तास त्याचा असर राहतो. त्या सहा तासांत ज्या ज्या भीतीची आठवण निघेल ती सगळी पुसली जाईल. म्हणून घरी गेल्यावर बंद खोली, टीव्ही नाही, फोन नाही, बोलणं नाही. झोपू द्यायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" म्हणून मी कागदावर सही केली आणि कागद पिशवीत टाकला.

ह्यांना खुर्चीवर बसवलं. बाईंनी चौथीतलं शिबिर सांगायला लावलं. हे सांगत होते, आवाज फाटत होता, शर्ट घामानं चिंब झालेला. गुरुजींच्या हाताला तपकिरीचा वास येत होता, इथपर्यंत आले आणि बाईंनी दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला. दहा-पंधरा मिनिटं गेली. मग बाईंनी ड्रिल हातात घेऊन नुसतंच चालवून दाखवलं. तो किर्र आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं. हे म्हणाले, "मोटारीचं बेअरिंग गेलंय मॅडम, बदलून घ्या." आणि तोंड उघडलं!

मी बाहेर बाकावर बसून रडले. आनंदानं रडले, हेही सांगते.

साडेअकराला घरी आलो. ह्यांना आतल्या खोलीत निजवलं, खिडकी लावली. तासाभरात दारात मोटारसायकली वाजल्या. ह्यांच्या गँगमधले चौघं. मारुती येसणे, इक्बाल माणगावकर आणि आणखी दोघं. कुणी शहाळं आणलं होतं, कुणी केळी. आमच्याकडं दवाखान्यातनं माणूस आलं की त्याच दिवशी बघायला जायचं असतं. नाही गेलं तर वर्षानुवर्षं बोलून दाखवतात.

"झोपलेत. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी," मी म्हटलं.

"त्याला कुठं बोलायला लावतोय आम्ही?" मारुतीभाऊ म्हणाले. "तोंडात कापूस आहे त्याच्या. वैनी, तो गप्प पडू दे. आम्ही बोलतो, तो ऐकंल."

आणि मी हसले. देवाशप्पथ, हसले आणि चहाचं आधण ठेवलं. तोंड आलेल्या माणसानं बोलायचं नसतं, तसंच हेही असणार अशी समजूत करून घेतली. बाईंचा शब्दन् शब्द डोक्यात होता. पण दारात आलेल्या माणसांना उभ्या उभ्या परत लावायचं माझ्या जिवावर आलं.

चार वायरमन एकत्र बसले की काय बोलतात, ठाऊक आहे? अपघात. कोण कुठं चिकटला, कुणाचा हात गेला, कोण थोडक्यात वाचला. दुसरा विषयच नसतो. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा इक्बालभाई दत्ता पोवारची गोष्ट सांगत होते.

दत्ता ह्यांचा जोडीदार. सात वर्षांपूर्वी सातेरीच्या खिंडीत लाईन बंद करून वर चढला होता. लाईन बंदच होती. पण कुणीतरी छपरावरचं सौर पॅनेल चुकीचं जोडलेलं. त्याचा उलटा करंट तारेत आला. खाली दोर धरून हे उभे. दत्ता वरती आठ मिनिटं लटकत होता आणि ह्यांना हातही लावता येत नव्हता.

"...आणि हा खालनं नुसता वरडत होता, दत्ता, दत्ता म्हणून," इक्बालभाई म्हणाले.

हे उशीला टेकून ऐकत होते. पहिल्यांदा डोळ्यांतनं पाणी आलं, हातात चादर घट्ट धरलेली. मग हळूहळू चादर सोडली. गोष्ट संपली तेव्हा बोट वर करून चहा मागितला. मला वाटलं, बरं झालं, मन हलकं झालं.

तीन वाजेपर्यंत पाव्हणे बसले होते.

आता ह्यांची काम करायची पद्धत सांगते, म्हणजे काय गेलं ते कळेल. पोलवर चढण्याआधी तीन गोष्टी. सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची, त्याला परमिट म्हणतात. मग तारेत करंट नाही ना, ते टेस्टर लावून बघायचं. मग तारेवर रॉड अडकवायचा. लांब काठी, टोकाला तांब्याचा आकडा, त्याला जोडलेली वायर जमिनीत खुपसलेली. चुकून करंट आलाच तर जमिनीत जातो, माणसात नाही. आणि दत्ता गेल्यापासून हे एक नाही, दोन रॉड लावायचे, कामाच्या दोन्ही बाजूंना. गँगमधले चिडवायचे, "भित्री भागूबाई आली बघा!" लोक उकाड्यात बसून शिव्या द्यायचे. हे ऐकून घ्यायचे. घरी आले की पाठीवर घामाचं मीठ साठलेलं असायचं. कधी कधी झोपेत दत्ताला हाका मारायचे.

दाढ काढल्यावर ते सगळं थांबलं. झोप लागायला लागली. तोंडात शीळ आली! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ह्यांना शीळ घालता येते हे मला ठाऊक नव्हतं. गालाची सूज उतरली, माणूस पाच वर्षांनी तरुण दिसायला लागला. मी शेजारणींना सांगत सुटले, दात दुखत असेल तर जा गं बायांनो, काही भ्यायचं कारण नाही.

शाखेचे इंजिनिअर नलवडे साहेब तर खूष. आजकाल सगळ्या गँगच्या मनगटाला पट्टा असतो. नाडी, घाम, ताण, सगळं साहेबांच्या पडद्यावर रेघांनी दिसतं. ताणाची रेघ वर गेली की यंत्र नोंद करतं, माणूस कामाला कच्चा आहे म्हणून. ह्यांची रेघ पूर्वी डोंगरासारखी. आता सपाट. जिथं तास लागायचा तिथं वीस मिनिटांत लाईट यायला लागली. साहेबांनी बैठकीत ह्यांना पुढं बोलावून हार घातला.

फाल्गुनात एक दिवस मारुतीभाऊ घरी आले. मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. ते बसले नाहीत.

"वैनी, युवराजला काहीतरी सांगा. रॉड लावत नाही."

"एखादा विसरले असतील."

"एकही लावत नाही. टेस्टर पण नाही. फोन करतो आन चढतो. परवा मी खालनं वरडलो तर म्हणतो, दत्ताला लागला म्हणून मला लागंल व्हय? मी घाबरलो, वैनी. दत्ताचं नाव त्यानं असं घेतलं, जसा बाजारभाव सांगतोय."

माझ्या पायाखालचं मशीनच थांबलं.

रात्री विचारलं. हे शांतपणे ऐकून घेत होते. "लावायला पाहिजे, कळतंय की मला. नियमच आहे. पण वर गेल्यावर लावावासा वाटत नाही गं. पूर्वी हात आपोआप जायचा."

"दत्ता आठवत नाही तुम्हाला?"

"सगळा आठवतो. शर्ट निळा होता. वास आठवतो. वाईट झालं बिचाऱ्याचं." आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंच्या दारात. घडलेलं सगळं सांगितलं, चहासकट. बाईंचा चेहरा उतरला.

"मी कागदावर लिहिलं होतं, ताई."

"लिहिलं होतं. माझंच चुकलं. आता परत आणा ती भीती."

"परत आणता येत नाही. त्यांना नियम माहीत आहेत, तुमच्यावर माया आहे, सगळं जागच्या जागी आहे. फक्त धोका दिसल्यावर आतून जी घंटा वाजते ती त्या एका गोष्टीपुरती तुटलीय. माणूस, तार आणि पोल, या गोष्टीपुरती." बाईंनी हातातला दात बघायचा आरसा उगाच पुसला. "नवी भीती नव्यानं बसू शकते. पण तिच्यासाठी नवीन काहीतरी घडावं लागतं. खरोखर हादरवणारं. आणि ते घडावं असं मी तुम्हाला कसं सांगू?"

मी उठले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुमचे नलवडे साहेब येऊन गेले इथं. त्यांना अख्ख्या गँगला फवारा द्यायचाय. दाताचं काही नसताना. मी अजून हो म्हटलेलं नाही."

'अजून' म्हटल्या. मला तो शब्द दिवसभर टोचत राहिला.

ह्यांना म्हटलं, नोकरी सोडा. ऑफिसात काम मागून घ्या. तर म्हणाले, "बावीस वर्षं जीव मुठीत धरून चढलो, सारिका. रोज सकाळी निघताना भ्यायचो, तुला सांगितलं नाही कधी. आत्ता कुठं काम आवडायला लागलंय. वरनं अख्खा डोंगर दिसतो. आणि तू म्हणतेस सोडा?"

माणूस पहिल्यांदा सुखात होता. तो मरणार होता हे मला दिसत होतं, आणि त्याला ते नुसतं कळत होतं.

मग एका रविवारी मी ते केलं.

आमच्या आळीच्या टोकाला डीपी आहे, म्हणजे दोन पोलांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वरच्या अंगाला एक जोडणी ढिली होऊन अधनंमधनं ठिणग्या पडत होत्या. दुपारी बाराला ह्यांना फोन आला. मी मागनं गेले. ह्यांनी सबस्टेशनला फोन लावला, लाईन बंद करा म्हणाले. पलीकडून "केली" आलं. हे चप्पल काढून पोलला हात घालणार, तेवढ्यात मी पुढं झाले.

"मी चढते."

"कशाला?"

"तुम्हाला काही होत नाही, तर मलाही होणार नाही. चढू?"

मला वाटलं होतं दंड धरून ओढतील. शिवी देतील. एक मुस्काटीत ठेवून दिली असती तरी मी देवापुढं साखर ठेवली असती. हे हसले आणि म्हणाले, "चढ की. साडी खोचून घे. डावा पाय आधी."

मी चढले. रागानं चढले. लहानपणी आंब्यावर चढायची सवय होती. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूनं वर, लोखंडी पट्टीला धरून, आणखी वर. खाली बघितलं. हे मान वर करून उभे, एक हात कमरेवर. सात वर्षांपूर्वी अगदी असंच वर बघत असणार. मी म्हटलं, आता आठवेल. आता ओरडतील.

"दिसतोय का डोंगर?" हे म्हणाले.

"रॉड लावला नाही तुम्ही! मला काही झालं तर?"

"लाईन बंद आहे गं. हात लावून बघ ना. अजून एक पट्टी चढ, म्हणजे पोचेल."

मला रडू फुटलं. डोळ्यांपुढं काही दिसेना. आणि काय झालं होतं मला कोण जाणे, मी खरंच एक पाय वरच्या पट्टीवर ठेवला. म्हटलं, हात वर केला तरी हा माणूस बदलेल. हात वर केला. तार दोन हातांवर होती.

तेवढ्यात आळीतली पिठाची गिरण सुरू झाली.

रविवारी दुपारी गिरण बंद असते, कुणीतरी दळण घेऊन आलं असणार. आधी पट्ट्याचा फटफट आवाज, मग जात्याची घरघर. ह्याच डीपीवरची गिरण! मी हात वरच्या वरच धरून दगडासारखी झाले. एकोणीस वर्षं वायरमनच्या घरात काढलीत, एवढं मला कळतं. गिरण चालू म्हणजे तारेत करंट होता.

खालनं ह्यांचा आवाज आला. "अरेच्चा! चालू आहे की. त्यानं शेतीची लाईन बंद केली वाटतं, गावाची सोडून." आणि तसाच, त्याच आवाजात, "हात खाली घे. घाई करू नको. उजवा पाय खालच्या पट्टीवर. हां, बरोबर."

पायरी पायरी सांगून मला उतरवलं. एक शब्द चुकला नाही ह्यांचा, इतक्या शांतपणे सांगत होते. मी जमिनीवर आले. तिथंच मातीत बसले. हे माझ्याजवळ उकिडवे बसले, माझा हात हातात घेतला. माझा हात घामानं निथळत होता. ह्यांचा कोरडा.

"मला मारलं असतंत तुम्ही," मी म्हटलं.

"होय. चूक झाली." हे म्हणाले. "तू मेली असतीस तर मी काय केलं असतं? मला जगवलं नसतं, सारिका. हे मला कळतंय, खरं कळतंय. पण मघाशी खाली उभा होतो तेव्हा काहीच झालं नाही आत. आता मी काय करू, सांग."

हे ते मनापासून विचारत होते. त्यांच्यावर रागवायलाही मला जागा उरली नाही.

मातीनं भरलेल्या साडीतच मी नलवडे साहेबांच्या घरी गेले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, म्हटलं ह्यांना वर चढवू नका. साहेबांनी पडदा माझ्याकडे फिरवला. त्यावर रविवार दुपारच्या बाराची रेघ होती. मी जिवंत तारेखाली हात वर करून उभी होते तेव्हा ह्यांची नाडी चौसष्ट.

"वहिनी, असा फिट माणूस अख्ख्या सर्कलमध्ये नाही. ह्या रेघेवर मी त्याला खाली बसवला तर वरचे मलाच विचारतील. रॉडचं मी बोलतो त्याच्याशी." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही फार घाबरलाय. साहजिक आहे. पुढच्या गुरुवारी डॉक्टर आमच्या लोकांना फवारा देणार आहेत. तुमचंही नाव घालू का यादीत?"

म्हणजे 'अजून' संपलं होतं.

"नको," मी म्हटलं. "आमच्या घरात भीती एकालाच उरलीय."

साहेबांना काही समजलं नाही. गुरुवारी गँगमधले सात जण गेले. मारुतीभाऊ आणि इक्बालभाई तेवढे दाढ दुखत नाही म्हणून घरी बसले.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवसापासून मी ह्यांच्या मोटारसायकलवर मागं बसायला लागले. शिवणाची मशीन झाकून ठेवली. हुक लावायचं, काज करायचं असं हातावरचं काम पिशवीत घेते आणि पोलखाली बसते. हे चढायला निघाले की उभी राहते.

"परमिट घेतलं?"

"घेतलं."

"माझ्यासमोर परत फोन लावा. कुठली लाईन, विचारा. टेस्टर? रॉड? दुसऱ्या बाजूचा?"

हे सगळं करतात. कधी चिडत नाहीत. मी सांगितल्याशिवाय करत नाहीत, आणि सांगितल्यावर टाळत नाहीत. साहेबांनी दोनदा बजावलं की बाईमाणसाला कामावर आणायचं नाही. मी म्हटलं, रस्ता सरकारचा आहे, मी रस्त्यावर बसते. गावोगावचे लोक हसतात. "डोणकर वायरमन, आन त्याची वायरवुमन!" हसू देत. ह्यांच्या निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत. मी दिवस मोजत नाही, पोल मोजते.

सुरुवातीला प्रत्येक पोलखाली माझी छाती फुटायची वेळ यायची. तोंडाला कोरड पडायची, रात्री झोपेत मीच ओरडायचे, "रॉड!" म्हणून. पाठीवर घामाचं मीठ आता माझ्या साठायचं. आठ महिने झाले त्याला. सुळ्याच्या माळावर, ओढ्याकाठी, काजूच्या बागांत, किती पोल झाले असतील कोण जाणे. काहीसुद्धा झालं नाही.

काल चाफेवाडीला गेलो होतो. पोलजवळच्या घरातली बाई ओळखीची निघाली. तिला मुलीच्या साखरपुड्याला ब्लाउज हवा होता, मागनं गळा कसा घ्यायचा ते सांगत होती. मी पिशवीतनं टेप काढून तिचं माप घेत होते. छाती, खांदा, बाही. हे फोन करून चढायला लागले ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसलं. आठवण झाली नाही असं नाही. आठवण झाली. पण मनात आलं, एवढी बाही मोजते आणि विचारते.

बाहीनंतर तिनं कापड दाखवायला आणलं. छान होतं, अंजिरी रंगाचं. आम्ही दोघी ते उन्हात धरून बघत होतो.

"झालं, चला," मागनं ह्यांचा आवाज आला. हे खाली उभे होते, हात पुसत.

मी मोटारसायकलकडे बघितलं. दोन्ही रॉड सीटला बांधलेले होते. सकाळी मी मारलेली गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"आज ओरडली नाहीस," हे म्हणाले आणि इतक्या मायेनं हसले की मला ते बघवेना. "तुला पण बरं वाटायला लागलं बघ. माझं झालं तसं तुझंही होईल हळूहळू."

हाताला घाम फुटला, दरदरून फुटला, टेप भिजली. ती बाई पाणी आणू का विचारत होती. मी नको म्हटलं. तो घाम मला पुसायचा नव्हता. आठ महिन्यांपूर्वी फुटायचा तसा तो फुटत होता, आणि कधीतरी तो फुटायचा थांबेल हे मला त्या क्षणी कळलं होतं.

मी गाठ सोडली आणि दोन्ही रॉड काढून खांद्यावर घेतले.

"अगं, गाडीवर राहू देत की. पुढचा पोल लांब आहे," हे म्हणाले.

"तुम्ही गाडी घेऊन चला," मी म्हटलं. "मी हे घेऊन चालत येते. मी पोचल्याशिवाय चढायचं नाही."

हे बरं म्हणाले. रॉड जड होते. खांद्याला टोचत होते; टोचतील तोवर विसरायला होणार नाही. चढाचा रस्ता होता. मी निघाले.